टाकीतलं दूध

टाकीचा खालचा व्हॉल्व्ह लॉर्ननं स्वतःच्या हातानं उघडला. मनगटाएवढी पांढरी धार जमिनीतल्या जाळीवर आदळली आणि सहा हजार लिटर दूध शेणाच्या तळ्याकडं निघालं. बाहेर उणे चोवीस होतं. तळ्यावर बर्फाची काळपट खपली धरली होती. तिच्यावर दूध पसरत गेलं आणि पसरता पसरता थिजलं.

जयदीप दाराशी उभा राहून बघत होता. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लावत होता, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. घरी कवठेमहांकाळला एखादी बादली लवंडली तरी त्याचा बाप दिवसभर कुणाशी बोलत नसे. इथं दोनशे दहा गायींचं दूध चाललं होतं.

बुधवारी दुपारी गेलेल्या टँकरमध्ये औषधाचं दूध निघालं होतं. तसा डेअरीचा फोन आज, गुरुवारी सकाळी आला. त्यानंतर भरलेली ही टाकीही खबरदारी म्हणून सोडून द्यायची होती. गाईला दगडी झाली, कास सुजली की तिला औषध टोचतात आणि मागच्या दोन्ही पायांत लाल पट्टे बांधतात. पट्टा दिसला की तिचं दूध टाकीत सोडायचं नाही, बादलीत काढून फेकायचं. सोमवारी औषध दिलेली गाय एकच होती, दोनशे सात नंबरची.

"मंगळवारी संध्याकाळी धारा कुणी काढल्या?" लॉर्ननं विचारलं. तो या फार्मचा मालक, साठीचा, कमी बोलणारा.

"मी," जयदीप म्हणाला. त्याचं इंग्रजी तुटक होतं, पण स्वच्छ. "टू-झीरो-सेव्हन. नो बँड. दोन्ही पाय रिकामे. मी ओळखली. बादलीत काढली. मग कर्टिसला सांगितलं."

कर्टिस म्हणजे लॉर्नचा भाचा. गोठ्याची व्यवस्था, औषधं, पट्टे तोच बघायचा. तो हसला. "तू मला सांगितलंस? बडी, तू कुणाच्या तोंडाकडं बघत तरी असतोस का?"

"तू पिकअपमध्ये बसत होतास. पावणेसात वाजता. मी म्हटलं, टू-झीरो-सेव्हन नो बँड. तू अंगठा वर केलास. पट्ट्यांचा डबा तुझ्या ऑफिसात, ऑफिसला कुलूप. दुसरी खूण करायची नाही हा तुझाच नियम. बुधवारी सकाळी धारा तू काढल्यास. संध्याकाळी मी आलो तर तिच्या पायात नवाकोरा पट्टा." जयदीप हे सगळं एका दमात, खाली जाळीकडं बघत बोलला. "कॉम्प्युटर बघा. टाकीत गेलेल्या धारेची नोंद असते. बादलीची नसते."

कुणी कॉम्प्युटरकडं गेलं नाही. कॉम्प्युटर वीस पावलांवर होता.

कर्टिस मामाकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "हा दिवसभर कानांवर ते आवाज अडवणारे मफ घालून असतो. रेडिओ सहन होत नाही म्हणे. याला काय ऐकू येणार आणि काय दिसणार?"

लॉर्ननं व्हॉल्व्हवरचा हात पँटला पुसला. "सध्या तू वासरांकडं जा," तो जयदीपला म्हणाला. "धारेला नको. आणि ते मफ ठेवून दे. हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे."

*

वासरांची प्लॅस्टिकची खोपटी गोठ्याच्या मागं उघड्यावर होती, साठ खोपट्यांची ओळ. तिथं काम म्हणजे हातोडीनं बादल्यांतला बर्फ फोडायचा, गरम पाणी ओतायचं, ते गोठायच्या आत वासराला पाजायचं, ओला पेंढा काढून कोरडा टाकायचा, की पुढचं खोपटं. शेवटचं खोपटं होईतो पहिल्याच्या बादलीत पुन्हा बर्फ. हातमोज्यांच्या आत बोटं आधी दुखत, मग दुखायची थांबत, आणि थांबली की जास्त भीती वाटे. शेण दगडासारखं झालेलं. फावडं त्याच्यावर आपटलं की हादरा खांद्यापर्यंत यायचा.

थंडीचं त्याला काही नव्हतं. आवाजाचं होतं. मफ काढल्यापासून व्हॅक्यूम पंपाची घरघर, फाटकांचे लोखंडी दणके, कर्टिसचा रेडिओ, मागं येणाऱ्या लोडरची टीटी सगळं सारख्याच जोरानं डोक्यात घुसायचं. एक मागं, एक पुढं असं व्हायचंच नाही. दुपारपर्यंत त्याचे दात घट्ट बसलेले असत आणि डबा उघडला तरी जबडा उघडत नसे.

गायींच्या बाबतीत मात्र तो कधी चुकला नव्हता. कासेला हाताची मागची बाजू लावली की कुठला सड तापलाय ते त्याला कळे, सूज दिसायच्या एक दिवस आधी. दोनशे दहाच्या दोनशे दहा गायी तो मागून, कासेवरून ओळखायचा. आठव्या वर्षापासून धारा काढत आलेला माणूस. गावात त्याला घुम्या म्हणत. पण गाय अडली, पान्हा चोरायला लागली की घुम्यालाच बोलवत.

तिसऱ्या दिवशी मारिसोल खोपट्यांकडं आली. ग्वाटेमालाहून कामाला आलेली, पन्नाशीची बाई, बुधवारी सकाळी कर्टिसबरोबर धारेला होती. ती पेंढ्याची गाठ सोडायला वाकली आणि मान वर न करता म्हणाली, "मी बघितलं. धार झाल्यावर त्यानं पट्टा बांधला. धार झाल्यावर."

"मग लॉर्नला सांग," जयदीप म्हणाला.

"माझं परमिट याच फार्मचं आहे. मला काढलं तर विमानात बसवतील." तिनं गाठीची दोरी खिशात कोंबली. "तू मात्र वेडा नाहीस, एवढं सांगायला आले."

"ते मला ठाऊक आहे," जयदीप म्हणाला. त्याला ते खरंच ठाऊक होतं. त्यात सांगण्यासारखं काय, हे त्याला समजलं नाही. ती गेल्यावर त्यानं एका बादलीतला बर्फ इतक्या जोरात फोडला की बादलीही फुटली.

*

वॉटर्लूच्या उत्तरेला एका घराच्या बेसमेंटमध्ये ती दोघं राहायची. गौरांगी मिरजेची. किचनरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सपोर्टला होती. लग्न ठरवून झालेलं. पहिलं वर्षभर तिला वाटे, आपण याला आवडलोच नाही. मग एकदा कंपनीत एक आठवडा साजरा झाला. वेगळ्या घडणीच्या मेंदूंचा आठवडा. कपकेक वाटले, भिंतीवर रंगीत पोस्टर लागली, एका बाईनं ऑटिझमवरच्या स्लाइड दाखवल्या. गौरांगी तिसऱ्या स्लाइडला ताठ बसली आणि घरी येऊन जयदीपला म्हणाली, "अरे, हे तूच आहेस." त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "व्हय. मीच हाय." दोघांनाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. डॉक्टरांकडून रीतसर तपासून घ्यायला त्यांनी नाव नोंदवलं. यादी दीड वर्षाची होती.

"अजून वासरांकडंच?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तू जरा नीट बोल ना त्यांच्याशी. सॉरी म्हण. विषय मिटव."

"कशाबद्दल सॉरी?"

"कशाबद्दल म्हणजे? काम टिकवायचं आहे म्हणून. जयदीप, मार्चमध्ये पीआरची, इथं कायम राहायच्या परवान्याची फाइल जायची आहे. तुझ्या अनुभवाचं पत्र त्याच माणसाकडून यायचंय. लॉर्ननं सही नाही केली तर दोन वर्षं फुकट जातील."

"चूक कर्टिसची हाय. सॉरी त्यानं म्हणायचं."

"तसं जग चालत नाही रे!"

"मग जगाचं चुकतंय," तो म्हणाला आणि ताटातली भाजी वरणापासून वेगळी करत राहिला.

गौरांगीनं त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, त्या पोस्टरखालच्या खुर्चीत बसून लॉर्नला मेल लिहिली. जयदीपला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे तिला माहीत होतं.

*

नव्या वर्षापासून कर्टिसनं रोज सकाळी सगळ्यांना लंचरूममध्ये गोल उभं करायची पद्धत काढली होती. सोमवारी तो हसतमुखानं आला. हातात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले कागद होते.

"जे-डी," तो म्हणाला. जयदीप हे नाव त्याला दोन वर्षांत घेता आलं नव्हतं. तो आता सावकाश, एकेक शब्द तोडून, मोठ्यानं बोलत होता, बहिऱ्याशी बोलावं तसा. "तुझ्या, बायकोनं, आम्हाला, कळवलं. काही, हरकत, नाही. आम्ही, समजून, घेतो."

त्यानं कागद दाखवले. एकावर कार्टूनमधली गाय, पायात लाल पट्टा, शेजारी बादली. दुसऱ्यावर तीच गाय, पट्टा नाही, शेजारी टाकी आणि हसरा चेहरा. "हे तुझ्यासाठी. तुझ्या लॉकरवर लावतो. तुझ्यासारख्यांना चित्रांनी समजतं म्हणे. मी नेटवर वाचलं."

लोडर चालवणारा पोरगेला गडी फिस्सकन हसला. मारिसोल तिच्या बुटांकडं बघत होती. कर्टिसनं लाकडी लॉकरच्या दारावर चार खिळे ठोकून दोन्ही चित्रं लावली. खिळ्याच्या प्रत्येक ठोक्याला जयदीपची मान आत ओढली जात होती.

मग ऑफिसात नेऊन त्याच्यापुढं एक कागद ठेवला. 'माझ्या स्थितीमुळे औषध दिलेली गाय माझ्या लक्षात आली नाही. यापुढे मी देखरेखीखाली काम करीन.' खाली सहीची रेघ.

"कुठली स्थिती?" जयदीपनं विचारलं.

कर्टिसनं फोनवर मेल उघडून त्याच्यापुढं धरली. गौरांगीचं इंग्रजी चांगलं होतं. माझा नवरा ऑटिस्टिक आहे, तिनं लिहिलं होतं. त्याच्या हातून झालेल्या चुकीबद्दल मी क्षमा मागते. तो मुद्दाम करत नाही. त्याला कान झाकायची परवानगी दिलीत आणि थोडं सांभाळून घेतलंत तर उपकार होतील.

जयदीपनं ती सावकाश दोनदा वाचली.

"कान झाकायला देणार?"

"डॉक्टरचा कागद आहे का?"

"डॉक्टरची यादी दीड वर्षाची आहे."

"मग दीड वर्षानं बघू. बडी, सही कर."

"माझ्या स्थितीला कागद पाहिजे," जयदीप म्हणाला. "माझ्या चुकीला नको?"

कर्टिसला ते कळलं नाही, किंवा त्यानं कळू दिलं नाही. जयदीपनं सही केली नाही. पेन टेबलावर आडवं ठेवलं, टेबलाच्या कडेला समांतर, आणि खोपट्यांकडं गेला. त्या दिवशी त्यानं साठही खोपटी स्वच्छ केली. वासरांना काही उणं पडू दिलं नाही.

*

घरी आल्यावर त्यानं बूट काढले नाहीत. बर्फाचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"तू मेल लिवलीस," तो म्हणाला.

गौरांगीनं गॅस बंद केला. "मी तुझ्यासाठीच..."

"माझ्या हातून चूक झाली म्हणून लिवलंस. तू व्हतीस तिथं? गोठ्यात?"

"नव्हते. पण जयदीप, माणसाच्या हातून होतं कधी कधी..."

"मी तुला सांगितलं व्हतं. गुरवारी सांगितलं, शुक्रवारी सांगितलं. मंगळवारी सांजच्याला काय झालं, बुधवारी काय झालं. समदं. त्यांनी ऐकलं न्हाई ते ठीक, ती परकी माणसं. तू बी ऐकलं न्हाईस?"

तिनं ऐकलं तर होतं. पण ऐकताना तिच्या मनात सारखं हेच होतं, की याचं काहीतरी नजरेतून सुटलं असेल. कपडे उलटे घालणारा, दुकानात दिवे लुकलुकले तर टोपली टाकून बाहेर पळणारा माणूस. त्याच माणसानं दोन वर्षांत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, हे मात्र तिला आठवलं नव्हतं.

"मी ऑटिस्टिक हाय, ते खरं हाय," तो म्हणाला. "ते मी सांगीन, माझ्या तोंडानं, मला वाटंल तवा. तू ते उचललंस आणि माफी मागायला वापरलंस. आता माझं डोकंच चूक झालं. आता मी काय बी सांगू दे, ती म्हणणार, असू दे, आजारी हाय. चित्रं लावल्यात माझ्यासाठी. हसऱ्या गाईची! मला! मी आठ वर्सांचा असल्यापास्नं धारा काढतोय!"

त्यानं हाताचा पंजा स्वतःच्याच कपाळावर मारला, एकदा, दोनदा. गौरांगी पुढं झाली, मग थांबली. अशा वेळी त्याला हात लावायचा नसतो.

"काय करू मी?" ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला होता. "सांग. काय करू?"

"खरं सांग त्यास्नी. तू लिवलंस ते खोटं व्हतं म्हून सांग."

*

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. लॉर्नच्या घराच्या स्वयंपाकघरात ती, जयदीप आणि लॉर्न बसले. लॉर्ननं कॉफी विचारली. कुणी घेतली नाही.

"मेल माझी होती," गौरांगी म्हणाली. "यानं लिहायला सांगितली नव्हती. याच्या हातून चूक झालेली नाही. मी ती माफी परत घेते. आणि यानं तुम्हाला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर बघायला सांगितलं होतं. बघितलात?"

लॉर्ननं रिकामा कप बाजूला सारला. "वेळ नाही झाला."

"बारा दिवस झाले. आत्ता बघा. मी थांबते."

लॉर्ननं चष्मा शोधला. गोठ्याचे आकडे त्याच्या घरच्या लॅपटॉपवरही दिसत होते. त्यानं दोनशे सात टाइप केलं. स्क्रीनवर तारखा आल्या. मंगळवार संध्याकाळ, नोंद नाही. बुधवार सकाळ, चौदा लिटर, टाकी. धार सुरू करताना ज्याचं नाव टाकायचं असतं, तेही होतं. कर्टिस.

स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरत होता. लॉर्ननं लॅपटॉप अर्धा मिटला.

"असं होतं," तो शेवटी म्हणाला. "कामाच्या गर्दीत होतं. जे-डी, सोमवारपासून धारेला ये. मफ घालून ये, काय हवं ते घालून ये. आणि हे आपल्यातच ठेवू. कर्टिसला मी सांगतो."

"सगळ्यांपुढं सांगायचं," जयदीप म्हणाला. "लंचरूममध्ये. कर्टिसनं सांगायचं, की दूध त्यानं टाकीत सोडलं आणि पट्टा नंतर बांधला. चित्रं पण त्यानंच काढायची."

"त्याची काय गरज आहे?"

"मला सगळ्यांपुढं वेडा ठरवलं. मग सगळ्यांपुढंच सांगायचं."

"तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे," लॉर्न म्हणाला. "पुढं हा फार्म त्यालाच चालवायचाय. गड्यांपुढं त्याला मान खाली घालायला लावून मला कसं चालेल? तुझी भरपाई मी करीन. पत्र देईन. असं पत्र देईन की..."

पत्र हा शब्द आला तसं गौरांगीनं जयदीपकडं बघितलं. दोन वर्षं ती त्या पत्रासाठी जगली होती. जयदीप भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडं बघत होता.

"मग मी येणार नाही," तो म्हणाला.

लॉर्ननं आशेनं तिच्याकडं बघितलं, आता बायको याला समजावेल अशा नजरेनं. गौरांगी उठली. "माणसाला मान खाली घालायला लावलेली तुम्हाला चालते," ती म्हणाली. "फक्त ती कुणाची, एवढंच तुम्ही बघता." तिनं कोट चढवला. बटणं लागेनात, तशीच बाहेर पडली.

गाडी फाटकापर्यंत आली आणि जयदीप ओरडायला लागला. आधी शब्द नव्हते, नुसता पोटातून येणारा आवाज. मग शिव्या, गावाकडच्या, आईबापावरच्या, तिनं त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या. तो दोन्ही मुठी मांड्यांवर मारत होता. गौरांगीनं गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना बर्फाची रिकामी शेतं होती. तिनं त्याला थांबवलं नाही, गप्प हो म्हणाली नाही. तो दमला तेव्हा तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि मग तीही ओरडली. लॉर्नवर, कर्टिसवर, त्या पोस्टरांवर, त्या कपकेकांवर, स्वतःवर.

*

पत्र दहा दिवसांनी आलं. एक पान भरून स्तुती होती. शेवटी लिहिलं होतं, 'स्वतःच्या मर्यादा असूनही यानं चांगलं काम केलं.' गौरांगीनं ऑफिसातूनच लॉर्नला फोन लावला. तिचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या दोघांनी हेडफोन काढले.

"ती ओळ काढा."

"अहो, मी ते कौतुकानं लिहिलंय."

"काढा. नाहीतर कॉम्प्युटरमधला तो आकडा मी लेबर ऑफिसला पाठवते." आकडा तिच्याकडं नव्हता. पण लॉर्नला ते माहीत नव्हतं.

दुसरं पत्र आलं. तीन ओळींचं. नाव, तारखा, काम. ते फाइलला लागलं. कर्टिस अजून तिथंच आहे. मारिसोलही आहे.

मार्चच्या शेवटी, बर्फाचा चिखल व्हायला लागला तेव्हा, जयदीपला दुसरीकडं काम मिळालं. शेळ्यांचा फार्म, जॉयस नावाच्या बाईचा. पहिल्या दिवशी तो गेला तेव्हा ती ट्रॅक्टरवर बसलेली होती, इंजिन चालू होतं, आणि तिला घाई होती.

"आधीचं काम का सोडलंस?" तिनं वरूनच विचारलं.

गौरांगी त्याला सोडायला आली होती. ती पुढं होऊन काहीतरी गोड सांगणार होती, पण तिनं तोंड मिटून घेतलं.

जयदीपनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मंगळवार, संध्याकाळ, दोनशे सात, दोन्ही पाय रिकामे. पावणेसात, पिकअप, वर केलेला अंगठा. त्यानं काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. टाकी आली, खोपटी आली, चित्रं आली, सहीची रेघ आली. तो तिच्याकडं न बघता, चिखलाकडं बघत सांगत होता. पाचेक मिनिटांनी जॉयसनं हात पुढं करून ट्रॅक्टर बंद केला. मग खाली उतरली आणि चाकाला टेकून उभी राहिली.

सांगता सांगता जयदीपचा आवाज चढत गेला. मान लाल झाली, बोटं अंगठ्यावर आपटायला लागली. शेळ्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. जॉयस ऐकत राहिली. तिनं त्याला हळू बोल म्हटलं नाही.